अननसातलं चिकन

“साचे नीट गुंडाळून द्या हं, प्रवासात फुटतात,” असं डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या, तेव्हा त्याच्या हातात कुणाचा तरी वरचा जबडा होता आणि तो त्याला चकाकी आणत होता. कुणाचे साचे, असं त्यानं चाकाच्या घरघरीवरून विचारलं. “तुमच्या सासूबाईंच्या कवळीचे. त्यांच्या मुलाचा फोन आला होता. तिकडच्या दातांच्या डॉक्टरांना लागतील म्हणाला. कायमच्याच चालल्या आहेत ना त्या त्याच्याकडे? मला वाटलं, तुमच्याशी बोलूनच ठरलं असेल.” “हो, हो,” तो म्हणाला, “देतो की गुंडाळून.” डॉक्टरीणबाई पेशंटकडे गेल्या, तो चाकाकडे वळला, आणि तेवढ्यात त्या जबड्याचा सुळा चाकावर जरा जास्तच टेकला नि त्याचं टोक उडालं. इतक्या वर्षांत त्याच्या हातून असं झालं नव्हतं. दवाखान्याच्या मागच्या या खोलीत, प्लास्टरच्या धुळीत आणि मेणाच्या वासात, त्यानं निम्म्या गावाला चावतं केलं होतं. गल्लीत त्याला कवळीवालाच म्हणत, आणि लग्नाकार्यात लोक त्याच्यासमोर हसताना जरा बेतानं हसत. त्यानं तो सुळा काढून टाकला आणि डब्यात त्याच रंगाचा दुसरा शोधत बसला. पिवळट, किंचित राखाडी, साठीतल्या माणसाला शोभेल असा. तो काही केल्या सापडेना.

मेहुणा संध्याकाळी जेवायला येणार हे त्याला माहीत होतं. “सहज येतोय भावजी, बरेच दिवस झाले,” असं तो फोनवर म्हणाला होता. मेहुणा गाद्यांच्या कंपनीत होता आणि आयुष्यात कधीही सहज कुठे गेलेला नव्हता. म्हणजे हे ठरलेलं होतं, आणि सगळ्यांना ठाऊक होतं, अगदी डॉक्टरीणबाईंनासुद्धा. सासूबाईंनी मात्र सकाळी चहा देताना अवाक्षर काढलं नव्हतं. उलट दूध जास्त उकळलं म्हणून त्याला दोन शब्द सुनावले होते. जायला निघालेलं माणूस दुधावरून बोलतं का? की निघालं म्हणूनच बोलतं? आपण विचारावं, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं की आपण कोण विचारणारे. बायको गेल्यावर जावई हा जावई उरतो का, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या होत्या तिच्या आजारपणात आलेल्या. ती गेली, माणसं आली, माणसं पांगली, आणि सासूबाई म्हणाल्या, “चार दिवस थांबते, तुमची घडी बसेपर्यंत.” घडी केव्हाच बसली. ते चार दिवस मात्र कुणी मोजले नाहीत, कारण मोजायला लागलं की संपवावे लागतात. जिन्यातल्या नव्या भाडेकरूनं एकदा विचारलं होतं, “तुमच्या आई का?” तो हो म्हणाला होता आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली होती. पण गाद्यावाला हा खराखुरा मुलगा. त्याच्याकडे नातवंडं, त्याच्याकडे तळमजला. त्याच्यापुढे याचा हक्क तो केवढा? शेवटी शेवटी बायको एवढंच म्हणाली होती, “आईकडे बघ हं.” ते तो बघत आला होता. आता बघायचं काम दुसरा घेतोय म्हटल्यावर यानं हात झटकून मोकळं व्हायचं, हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल. त्यालाही ते कळत होतं.

दुपारच्या सुट्टीत तो घरी जाताना फळवाल्याच्या गाडीशी थांबला. नेहमीसारखे आलुबुखार घ्यायचे होते. पिकलेले, बोटानं दाबले तर दबतील असे. त्यानं घेतला अननस. आपण हे काय केलं हे त्याला काटे हाताला टोचले तेव्हा उमगलं, पण परत करायला तो गेला नाही. अननस हा तिचा होता. लग्नानंतरच्या पहिल्या खोलीत एकच शेगडी होती नि एकच बिडाचा पसरट तवा. ती पोहायला शिकवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना पाण्यात धरून संध्याकाळी घरी यायची ती ओल्या केसांनी आणि अशी भुकेली की दारातच विचारायची, काय आहे? एकदा घरात काही म्हणजे काही नव्हतं. थोडं चिकन होतं, कांदे होते आणि कुणीतरी भेट दिलेला अननसाचा डबा. तिनं तव्यावर चिकन लालसर परतलं, त्यात कांदा टाकला, मिरपूड, आलं, व्हिनेगरची एक धार, मध, आणि वरून तो अननस. तो म्हणाला होता, फळ कुणी चिकनमध्ये घालतं का? ती म्हणाली होती, नको असलं तर उरव, मी खाते. त्यानं काही उरवलं नव्हतं. पहिल्यांदा गोड लागलं, मग आंबट, मग तिखट, आणि मग पुन्हा गोड लागावं म्हणून पुढचा घास. ताटंही घेतली नव्हती. तव्यातूनच, दोघं दोन बाजूंनी, मध्ये सीमा आखून. ती सीमा ओलांडायची आणि वर त्यालाच चोर म्हणायची.

सासूबाईंची कवळी झाल्यावर त्यानं अननस बंद केला होता. अननसाचे धागे कवळीखाली जाऊन बसतात, टोचतात, आणि माणूस चारचौघांत तोंडाशी पदर धरून जिभेनं खटपट करत राहतं. हे त्यानं कितीतरी पेशंटांकडून ऐकलं होतं. म्हणून मग आलुबुखार. तेही साल काढून. वरच्या कवळीनं टाळू झाकली जाते, चव थोडी बोथट होते, हेही तो जाणून होता. म्हणून व्हिनेगर जरा जास्त, मध जरा जास्त. चिकन बोटानं तुटेल इतकं शिजवलेलं. त्या म्हणायच्या, “छान झालंय.” त्यांच्या त्या छानसाठी त्यानं एकेक करत साऱ्या घरातलं कडक असं जे जे होतं ते मऊ करून टाकलं होतं. पाव दुधात, सफरचंद वाफवून, बिस्किटं डब्यातून हद्दपार. प्रेम कसं करतात हे माणसाला त्याच्या धंद्यानं शिकवलेलं असतं. त्याला तेवढंच येत होतं.

“अननस?” दारातच सासूबाईंनी विचारलं. “आलुबुखार नव्हते का गाडीवर?”

“होते. पण तो येतोय ना, त्याला त्याच्या ताईच्या हातचं ते आठवत असेल.”

“हं,” त्या म्हणाल्या, आणि त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “काटे नीट काढा. आणि हात धुवा, प्लास्टर लागलंय कोपराला.” तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता. दुसरीकडे बघायला त्याला जमतच नसे. त्या ‘स’ सुरेख म्हणायच्या. आयुष्यभर टेलिफोन खात्यात बसून त्यांनी हजारो माणसांना जोडून दिलं होतं, आणि लेक गेल्यावर वर्षभरात एकामागून एक दात गेले तेव्हा त्यांनी फोन उचलणंच सोडून दिलं, कारण ‘स’च्या जागी नुसती वाफ यायची. ती कवळी त्यानं घरी, याच ओट्यावर, मेणात लावली होती. पुढचे दात लावताना त्याचा हात आपोआपच वळला होता आणि एक दात जरासा तिरका, दुसऱ्याच्या खांद्यावर टेकलेला, असा बसला होता. तिचा होता तसा. तो ते मेण हातात घेऊन कितीतरी वेळ उभा राहिला होता. तसंच ठेवलं असतं तर कुणाला कळलं असतं? रोज सकाळी चहाबरोबर तेच हसू समोर आलं असतं. मग त्यानं तो दात उपटला. सासूबाईंचा तरुणपणचा खात्यातला फोटो भिंतीवर होता, त्यात त्या कानाला यंत्र लावून कशाला तरी खदखदून हसत होत्या. तो खाली उतरवून त्यानं ते दात बघून बघून लावले. रुंद, सरळ, जरा पुढे आलेले, कुणाची भीडभाड न ठेवणारे. पहिल्यांदा घातल्यावर त्यानं त्यांना म्हणायला लावलं, सात, साठ, सत्तर, सासर. त्या म्हणाल्या आणि मग उठून त्यांनी स्वतःहून फोन फिरवला, चुकीचा नंबर लागला तरी पलीकडच्या माणसाशी चांगलं बोलून घेतलं.

सुट्टी संपत आली होती. त्यानं अननस चिरला, धाग्यांना आडवा, बारीक, शक्य तेवढा बारीक, म्हणजे धागा उरूच नये. आणि मग त्याला ती अक्कल सुचली. कच्च्या अननसाच्या रसानं मांस मऊ पडतं हे त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. त्यानं सकाळीच आणून ठेवलेल्या चिकनचे सगळे तुकडे त्या रसात बुडवले, गरासकट, हातानं चोळून चोळून. एकदा शेवटचं, असं त्याच्या मनात आलं. शेवटचं करायचं तर त्यांना चावायचा काडीचाही त्रास होता कामा नये. भांडं झाकून तो कामावर परत गेला, आणि साचे कापडात गुंडाळले. वरचा एक, खालचा एक. दोन्ही मिळून मुठीएवढे झाले. ते त्यानं पिशवीत ठेवले, मग काढले, मग पुन्हा ठेवले.

संध्याकाळी त्यानं झाकण काढलं तेव्हा आत चिकन म्हणावं असं काही नव्हतं. एका तुकड्याला हात लावला तर तो बोटांत विरघळला. त्यानं दुसरा उचलून पाहिला, तिसरा पाहिला. दुपारभर अननसानं आपलं काम चोख केलं होतं. पुन्हा बाजार गाठायला वेळ नव्हता, मेहुणा कोणत्याही क्षणी येणार. त्यानं तवा तापवला, तेल सोडलं आणि मनाचा हिय्या करून तो गोळा त्यात टाकला. लाल होण्याऐवजी त्याला पाणी सुटलं. पाण्यात फेस आला. तो उलथन्यानं कडेकडेनं सारत राहिला, कांदा दुसरीकडे परतून घातला, आलं घातलं, मिरपूड घातली, व्हिनेगर ओतलं तेव्हा वाफ डोळ्यांत गेली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते व्हिनेगरचं, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि स्वतःला ते पटलं नाही. त्याला त्या जायला नको होत्या. एवढंच होतं ते. किती साधं होतं, आणि सबंध दिवस त्याच्याभोवती घिरट्या घालून तो आत्ता, हातात उलथनं असताना, त्याच्यापाशी येऊन पोचला होता. त्यांना कुठे सुख लागेल, मुलाचा हक्क काय, लोक काय म्हणतील, हे सगळं आपल्या जागी बरोबर होतं. पण त्याला त्या हव्या होत्या. रात्री दाराला कडी लावताना आत कुणीतरी खोकणारं हवं होतं. पण हे कुणाला म्हणून दाखवायचं? जन्मात त्यानं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. लग्नाचंही तिनंच विचारलं होतं, पोहता येतं का असं विचारत विचारत. त्यानं मध ओतला. जास्तच पडला.

“करपतंय बरं का,” बाहेरून सासूबाईंचा आवाज आला.

करपतच होतं. रस आटला, मध तळाशी धरला, आणि वर सगळा मऊ लगदा नि खाली काळपट तांबूस थर असं ते होऊन बसलं. वास मात्र तोच आला. गोड, आंबट, थोडा जळका. त्या वासानं तो ओट्याला टेकून उभा राहिला. अजून ओले केस दारातून येतील की काय असं वाटण्याइतका तो वास खरा होता. मग बेल वाजली आणि मेहुणा आला. त्यानं बूट काढले, आईला वाकून नमस्कार केला, सवयीनं सोफ्यावर तळवा दाबून पाहिला आणि म्हणाला, “भावजी, हा बदला आता.”

तवा मधोमध ठेवून तिघं बसले. मेहुण्यानं चमच्यानं ते दाबलं. चमचा तळापर्यंत गेला. “छान मऊ झालंय,” तो म्हणाला, कंपनीत म्हणत असेल तसं. मग त्यानं घास घेतला आणि बोलायचा थांबला. दुसरा घेतला. “ताईची चव आहे,” तो जरा वेळानं म्हणाला. “अगदी. पण तिच्या हातच्यात तुकडे असायचे.” मग त्यानं घसा साफ केला. “आई, तुला मी फोनवर बोललोच आहे. भावजींशी बोलायचं राहिलं होतं. तिकडे तुला काही म्हणजे काही करावं लागणार नाही. खोली तळमजल्यावर, गादी मी स्वतः निवडलीय. आणि भावजी, तुमचीपण सुटका. किती वर्षं करणार तुम्ही तरी?”

“सुटका कसली,” तो म्हणाला. पुढे काहीतरी म्हणायचं होतं. त्याऐवजी त्यानं तव्यातला सगळ्यात मऊ भाग शोधला आणि सासूबाईंच्या ताटात वाढला.

त्यांनी त्याचा हात धरला. “पुरे,” त्या म्हणाल्या आणि चमचा खाली ठेवला. “हा म्हणतो, तिकडे मला काही करावं लागणार नाही. तुम्ही असं रांधता की इथे मला काही चावावंसुद्धा लागत नाही. तुम्ही दोघं मिळून मला आत्ताच गुंडाळून ठेवणार आहात का?”

“आई, तसं नाही गं,” मेहुणा म्हणाला.

“तू थांब. तू ठरवूनच आलास. आणि हे दुपारी अननस घेऊन आले तेव्हाच मला कळलं, यांना कुठूनतरी समजलंय. तरी गप्प.”

“तुम्हीही गप्पच होतात की,” तो म्हणाला. आपण बोललो याचं त्यालाच नवल वाटलं.

“मी कशी बोलणार?” सासूबाई म्हणाल्या. “मुलीचं घर. मुलगी नाही. मी राहू का, म्हणून तुम्हाला विचारू? तिनं सांगून ठेवलं म्हणून तुम्ही माझं केलंत. चांगलं केलंत, नाव ठेवायला जागा नाही. पण सांगितलेलं काम म्हणून मला इथे राहायचं नाही. आणि आईचं करायचं असतं म्हणून हा नेणार, तर तसं मला जायचंही नाही.”

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. त्यानं तव्याकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे. मेहुणा ताटात बघत होता. “आई,” जावई म्हणाला, “तिनं सांगितलेलं मी केव्हाच विसरलोय.” त्यानं हे असं म्हणायचं ठरवलं नव्हतं. “पहिल्या वर्षी तिच्यासाठी केलं असेल. मग ते कधी सुटलं मला कळलंच नाही. आता मी घरी येतो तो तुम्ही असता म्हणून येतो. नाहीतर तिथेच मागच्या खोलीत बसून राहिलो असतो. तुम्ही रागावता, मला बरं वाटतं. याच्याकडे सगळं चांगलं आहे, मला दिसतंय. तुमच्या सोयीचं मी बोलतच नाहीये. हे माझ्या सोयीचं आहे.”

सासूबाईंनी तवा आपल्याकडे ओढला, वरचा सगळा लगदा चमच्यानं बाजूला सारला, आणि तळाची खरवड नेटानं खरवडायला घेतली. ती सुटेना. त्यांनी तवा एका हातानं घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं जोर लावला. शेवटी तळहाताएवढा एक काळपट तुकडा टक्कन सुटून आला. “अहो, ते कडक आहे,” तो म्हणाला. त्यांनी तो तोंडात टाकला. कुडुमकुडुम असा आवाज खोलीभर झाला. दोन्ही बाजूंनी सारखा, कवळी कुठे सरकत नव्हती, कुठे अडकत नव्हती. दोघे पुरुष हात आवरून बसले होते आणि त्या सावकाश, डोळे मिटून, चव घेत चावत होत्या. गिळून झाल्यावर त्यांनी जीभ दातांवरून फिरवली आणि मुलाला म्हणाल्या, “सुट्टीत पोरांना घेऊन तूच ये इकडे. ती गादीही घेऊन ये, यांना दे. पाठ दुखते यांची, सांगत नाहीत.”

मेहुण्यानंही चमचा तव्याच्या तळाशी घातला. “मला ठेवा थोडी,” तो म्हणाला.

“आणि तुम्ही,” सासूबाई जावयाकडे वळल्या, “पुन्हा कधी काही मागायचं असलं तर सरळ मागा. असा कोंबडीकडून निरोप धाडू नका. मला काय कळणार त्यातून?”

“बरं,” तो म्हणाला. “मग मागतो. राहा, आई.”

“राहते,” त्या म्हणाल्या, आणि खरवडीचा दुसरा तुकडा मोडून घेतला.